गावंडे मॅडमचं शेवाळ

गावंडे मॅडमची आणि माझी ओळख स्टाफरूममधल्या कूलरमुळे झाली. जून सरत आला होता. अमरावतीच्या त्या कॉलेजात मी मराठीचा प्राध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. चार महिने घरघर करून दमलेला कूलर शिपाई धुवायला काढत होता. टाकीच्या तळाशी हिरवागार, जाड, बुळबुळीत थर साचला होता. तो खराट्याने खरवडणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हात लावू नोको त्याले! खबरदार!"

मला वाटलं टाकीत साप निघाला. मी खुर्चीवर पाय घेतले. शिपाई मात्र शांतपणे खराटा खाली ठेवून बाजूला झाला. त्याला हे दरवर्षीचं होतं. एक उंच, सडसडीत बाई आत आल्या, कूलरपुढे उकिडव्या बसल्या, पर्समधून जेवणाचा डबा काढला, रिकाम्या कप्प्यात चमच्याने ते हिरवं सगळं भरलं, झाकण लावलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी नवे का?"

"हो. मराठी विभागात."

"बरं झालं. मराठीवाल्याईले दुपारून काम नसते. हे धरा."

डबा माझ्या हातात आला. मी तो धरून त्यांच्या मागोमाग तीन मजले चढलो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी त्याच डब्यातून मला मेथीची भाजी वाढली. ती मेथीच आहे ना, हे मी खाण्याआधी दोनदा विचारलं. "मेथीच हाय," त्या म्हणाल्या, "शेवाळ इतकं सस्तं नाइ का कोनालेही वाढाव."

डॉक्टर कुमुद गावंडे, वनस्पतिशास्त्र. कुमुद म्हणजे कमळाच्याच जातीतलं फूल. "बापानं नाव फुलाचं ठेवलं अन् पोरगी फुलाखालच्या चिखलात रमली," हे त्यांचं स्वतःबद्दलचं विधान. साडी नेहमी घोट्याच्या वीतभर वर, कारण कुठे डबकं दिसेल आणि कधी त्यात उतरावं लागेल याचा नेम नसे. चष्म्याला दोरी. वर्गात त्यांना माईक लागत नसे. त्यांचा तास ऐकायला शेजारच्या वर्गातल्या मुलांनाही लागत नसे. प्रमाण मराठी त्या फक्त बाहेरून आलेल्या परीक्षकांशी बोलत. बाकी सगळ्यांशी, म्हणजे प्राचार्यांपासून भाजीवालीपर्यंत, वऱ्हाडी. एखादा मुलगा वर्गात झोपला तर त्याला उठवून म्हणत, "लेका, शेवाळाले डोकं नाइ, हात नाइ, पाय नाइ, तरी थे दिवसा उजेडी काम करते. तुले तीनही हाय."

लग्न केलं नव्हतं. पाहायला आलेल्या एका मुलाने म्हणे विचारलं होतं, स्वयंपाक येतो का. यांनी विचारलं, "शेवाळाचा का मानसाचा?" पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. ही हकीकत मला मॅडमनीच सांगितली, आणि तिच्यातलं त्यांचं दुःख एवढंच होतं की पोहे चांगले झाले होते.

शेवाळापासून तेल निघतं आणि त्या तेलावर इंजिन चालतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. कळलं म्हणजे कळवण्यात आलं, सुटका नव्हती. "जमिनीखालून काढतात थे तेल काय हाय?" त्या विचारत आणि लगेच स्वतःच सांगत, "समुद्रातलं बारीक शेवाळच थे. मेलं, दबलं, शिजलं, तेल झालं. त्याले करोडो वर्षं लागली. आता मले सांगा, म्हातारं होऊन मरायची वाट कावून पाहायची? जितं असतानीच पिळा ना!"

यामागे त्यांचं गाव होतं. दर्यापूरच्या पुढे, पूर्णा नदीच्या अंगाला त्यांचं गाव आहे. तो सगळा पट्टा खारपाणाचा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. प्यायला चालत नाही, पिकाला दिलं तर जमीन कडक होते, अंघोळ करावी तर साबणाला फेस येत नाही. "आमच्या गावात पानी हाय, पन थे फक्त पाहाले," असं मॅडम म्हणत. त्या खाऱ्या पाण्यात एकच गोष्ट आनंदाने वाढते. लहानपणी विहिरीजवळच्या दगडी हौदावर शेवाळावरून पाय घसरून मॅडम पडल्या आणि डोक्याला खोक पडली. "तथूनच थे आत गेलं," असं त्या डोक्याला बोट लावून सांगत. "तवापासून एकच विचार. ज्या पान्यावर आमच्या आख्ख्या गावानं थू केलं, त्या पान्यावर हे पोसते. मंग याचं काईतरी व्हायलेच पायजे."

कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी निळे प्लास्टिकचे पिंप आडवे कापून त्यांच्या कुंड्या केल्या होत्या. गावाहून कॅनने खारं पाणी यायचं. मासे पाळायच्या पेटीत बुडबुडे सोडणारे पंप त्यांत दिवसभर गुळगुळ करत. मे महिन्यात, जेव्हा अमरावतीत कुत्रंही सावली सोडत नाही, तेव्हा मॅडम डोक्याला ओला पंचा गुंडाळून गच्चीवर कुंड्या ढवळत असायच्या. वाऱ्याची दिशा फिरली की वास थेट प्राचार्यांच्या खोलीत. त्यांनी एकदा बोलावून घेतलं.

"मॅडम, वास येतो हो."

"सर, पेट्रोलपंपावरबी येते. तथी कोनी तक्रार करत नाइ."

"अहो, पण हे पेट्रोल कुठे आहे?"

"तेच त म्हनते मी सर. दम धरा."

प्राचार्यांनी दम धरला, आणि खिडकी कायमची बंद केली.

माझं घर अकोल्याला. शनिवारी जायचं, सोमवारी पहाटे परत. एकदा मॅडम तोंडी परीक्षा घ्यायला अकोल्याला आल्या होत्या आणि परतीला आमची एसटी एकच निघाली. त्या चढल्या त्या पाच लिटरचा कॅन छातीशी धरून. मोर्णा नदीच्या कडेला त्यांना कसलं तरी शेवाळ सापडलं होतं, इतकं तेलकट की बोटांना चिकटत होतं, असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि चिकटलेलं बोट दाखवत होत्या. कॅनचं झाकण सैल होतं. बोरगाव मंजू येईपर्यंत हिरवी धार कंडक्टरच्या बुटापर्यंत पोचली.

"बाई, हे काय हाय?"

इथे साधं 'पाणी' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मॅडमना शेवाळाचा अपमान सहन होत नसे.

"हे उद्याचं पेट्रोल हाय."

कंडक्टरने घंटीची दोरी धरली. "पेट्रोल न्याले मनाई हाय गाडीत."

"अहो भाऊ, आज थे पानीच हाय. उद्या पेट्रोल व्हईल."

"मंग उद्या बसा."

त्याने आम्हाला मूर्तिजापूरला उतरवलं. आम्हाला म्हणजे मलाही, कारण तोपर्यंत कॅन माझ्या मांडीवर आला होता. स्टँडवर बसून आम्ही आलूबोंडे खाल्ले. मॅडम कॅनचं झाकण पुन्हा पुन्हा आवळत होत्या. मला वाटलं वाईट वाटलं असेल. पण त्या म्हणाल्या, "पाहा, या मानसाले पटलं. पहिला मानूस हाय ज्याले पटलं का याच्यात पेट्रोल हाय." पुढच्या गाडीच्या कंडक्टरने कॅनकडे बोट दाखवलं तेव्हा मीच घाईघाईने सांगितलं, पालकाची कढी आहे. मॅडम माझ्यावर बडनेऱ्यापर्यंत नाराज होत्या.

पण तेल निघालं. तीन-चार वर्षं लागली. कुंड्यांतलं हिरवं गाळायचं, मशीनमध्ये गरगरा फिरवून त्यातलं पाणी काढायचं, वाळवायचं, मग रसायनात घोळून त्यातून थेंब थेंब तेल ओढायचं, त्यावर आणखी प्रक्रिया करून त्याचं डिझेलसारखं काहीतरी करायचं. शेवटी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीपेक्षा जरा मोठी अशी एक बाटली भरली. मॅडम ती पर्समध्ये ठेवून फिरत आणि लोकांना हुंगायला देत.

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात त्यांनी जाहीर केलं की उद्घाटनाचा माईक शेवाळावर चालेल. मंडपवाल्याकडून सगळ्यांत लहान जनरेटर मागवला. पाहुणे होते एक पुढारी. मॅडमनी त्यांना आधीच गाठून सांगितलं, "साहेब, भाषण लहान करा. तेल मोजकंच हाय." साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत.

जनरेटर सुरू झाला. तो खरंच सुरू झाला! आधी खोकला, मग काळा धूर, मग धडधड धडधड. मॅडम त्या थरथरणाऱ्या यंत्राच्या पाठीवर, वासराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "धुरानं. धुरानं येऊन राह्यलं पानी."

साहेब बोलायला उठले. ऊर्जा म्हणजे काय, ऊर्जा म्हणजे तरुण, तरुण म्हणजे देश, अशी त्यांची गाडी निघाली. मॅडम लांबून हाताने आवरा आवरा म्हणून खुणा करत होत्या. साहेबांना वाटलं अभिवादन आहे, त्यांनी उलट हात केला. "आणि म्हणून मी आज या व्यासपीठावरून तुम्हाला शब्द देतो, की..." इथे धडधड थांबली. माईक गेला. साहेबांचे ओठ बराच वेळ हलत होते. त्यांनी कोणता शब्द दिला ते जिल्ह्यात कोणाला कळलं नाही, त्यामुळे तो मोडल्याचं दुःखही कोणाला झालं नाही. मुलांनी मात्र टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. कोणीतरी मोबाइलवर जनरेटर चालतानाचा व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो अकोट, चांदूर रेल्वे, पार नागपूरपर्यंत पोचला. 'अमरावतीच्या मॅडमनी शेवाळावर चालवलं इंजिन.' इंजिन बंद पडलं तो भाग व्हिडिओत नव्हता.

तोच व्हिडिओ पुढे त्यांच्या उरावर बसला.

वर्षभराने त्यांच्या गावात एक कंपनी आली. कुठली, कोणाची, कोणाला नीट सांगता येत नव्हतं. पांढरे बूट घातलेला एक माणूस होता आणि सगळे त्याला डायरेक्टर साहेब म्हणत. त्याची योजना अशी: शेतकऱ्याने वावरात तळं खणायचं, त्यात खारं पाणी भरायचं, कंपनीकडून शेवाळाचं बियाणं आणि तळ्याला अंथरायचा कागद आगाऊ पैसे भरून घ्यायचा, पिकलेलं शेवाळ कंपनी तेलासाठी विकत नेणार. गावाच्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर मधोमध गावंडे मॅडमचा फोटो. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. फोटोत हात जोडलेले होते, जणू जिल्हा परिषदेला उभ्या आहेत. हात दुसऱ्याच कोणाचे तरी होते, बांगड्या भरलेले.

मॅडमना हे त्यांच्या भावाने, दिगूभाऊंनी, फोनवर मोठ्या आनंदाने कळवलं. दिगूभाऊ गावातच राहून शेती करत. त्यांनी जेसीबी लावून तळं खणूनही टाकलं होतं. पैसे भरायचे तेवढे बाकी होते. रविवारी गावात सभा होती आणि मॅडमनी यावं असा सगळ्यांचा आग्रह होता.

"तुमी चला संगं," मॅडम मला म्हणाल्या.

"मी काय करू तिथे?"

"तुमी मराठीवाले. माह्या तोंडून शिवी निंगाली त मले चिमटा काढा."

जीपमध्ये त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. दोन्हीकडे काळी जमीन, कपाशी. मी विचारलं, काय बोलणार? त्या म्हणाल्या, "माइत नाइ." त्यांना एखादी गोष्ट माहीत नाही हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

सभा शाळेच्या मैदानात होती. गाव लोटलं होतं. मॅडम उतरल्याबरोबर टाळ्या. म्हातारी माणसं पुढे येऊन म्हणत होती, कुमुद, पोरी, गावाचं नाव काढलंस. ज्या पाण्यामुळे या गावात मुली द्यायला लोक कचरत, त्या पाण्याला भाव येणार होता. एक आजोबा तर म्हणाले, "आता गोड्या पान्यावाले आपल्या दारात येतीन." डायरेक्टर साहेबाने हरित क्रांती, धवल क्रांती आणि आता ही शेवाळ क्रांती असं भाषण केलं आणि माईक मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या कंपनीचं शेवाळावर चालनारं एक इंजिन मले दाखवता का?"

"मॅडम, तुम्हीच तर चालवलं! सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलाय." तो हसला. गावही हसलं.

"व्हय. चालवलं." मॅडमनी पदर खोचला. "आता मी जे सांगते थे नीट ऐका. थे इंजिन चाललं, पन साहेबाचं भाषन संपेपर्यंतबी चाललं नाइ. अन् बाटलीभर तेलासाठी मी किती वर्षं मशिनी फिरवल्या! शेवाळ फुकट वाढते, पन फुकट हातात येत नाइ. थे पान्यातून काढाले, वाळवाले, पिळाले जेवढी वीज लागली ना, तिच्यातून जेवढं इंजिन चाललं असतं, त्याच्या पासंगालेबी माहं तेल पुरलं नाइ. वाटीभर तुपासाठी म्हैस इकली मी. हे मले तवाच माइत होतं. मी प्रयोग म्हनून केलं. प्रयोग फसला तरी मास्तरनीचा पगार थांबत नाइ. तुमचं तसं नाइ."

मॅडम पुढच्या रांगेकडे वळल्या.

"अन् बियानं? शेवाळाचं बियानं इकत घेता? अरे, हौदात पानी भरून ठेवा, चार दिवसांत बुट घसरवाले उगवते थे!"

डायरेक्टर साहेब उठला. मॅडमचं संशोधन जुनं झालं, आता परदेशी तंत्र आलं आहे, असं काहीसं तो म्हणाला. मॅडमनी त्याला विचारलं, मग ते तंत्र दाखव. तो म्हणाला, पैसे जमा झाल्यावर मशीन येईल. तेव्हा मॅडमच्या तोंडून शिवी गेली. मी चिमटा काढला नाही. शिवी अचूक होती.

पण सगळ्यांत वाईट पुढे झालं. दिगूभाऊ उभे राहिले. सरळ, सत्त्वशील माणूस. बहिणीपुढे आजवर आवाज चढवला नव्हता.

"ताई, आयुष्यभर तूच सांगत आली का या पान्यातून सोनं निंगन. आमी हासलो त तू भांडली आमच्याशी. आता कोनीतरी पहिल्यांदा या पान्याची किंमत करून राह्यलं, त तूच मोडता घालतं?"

"दिगू, थो पान्याची किंमत नाइ करून राह्यला. तुह्या भोळेपनाची करून राह्यला."

"मंग तू इतकी वर्षं काय करत होती?"

मॅडमनी माईक टेबलावर ठेवला. सभा मोडली. आम्ही चौकातून जाताना लोक बाजूला होत होते, पण ती वाट आदराची नव्हती. जीप गावाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मले वाटलं होतं मी इंजिन चालवीन. मी त माईक चालवला. थोबी पुढाऱ्याचा." आणि हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, तो पुसून होईचना. मी दुसरीकडे पाहिलं.

कंपनी त्या गावातून उठली आणि दुसऱ्या तालुक्यात गेली. तिथे पैसे गोळा करून एके दिवशी पांढऱ्या बुटांसकट नाहीशी झाली. ही बातमी आली तेव्हा मला वाटलं, आता गाव मॅडमची माफी मागेल. तसं काही झालं नाही. बुडाला नाही तो माणूस आपण वाचलो असं कशाला म्हणेल? गावात उलट बोललं गेलं की कंपनी चांगली होती, मॅडमच्या जिभेने गेली. चौकातला फ्लेक्स बरेच दिवस तसाच होता. कोणीतरी मॅडमना मिशा काढल्या. दिगूभाऊंनी फोन करणं बंद केलं. राखीला मॅडम गेल्या तर ते नेमके अकोटला कामाला गेलेले. दिगूभाऊंच्या बायकोच्या हातात राखी देऊन त्या परत आल्या आणि मला म्हणाल्या, "अकोटले त्याचं काय काम असनार? त्याले अकोटचा रस्ताबी धड माइत नाइ."

मी समजत होतो, आता त्या हे सोडतील. दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर गेलो तर त्या कुंड्या घासत होत्या. सगळं शेवाळ त्यांनी एका पिंपात ओतलं होतं आणि त्यात शेण कालवत होत्या, कोपरापर्यंत हात घालून. वास असा होता की आधीचा वास अत्तर वाटावा.

"तेलाचा नाद सोडला," त्या म्हणाल्या. "वाळवायचंच नाइ त पिळायचं कायले? ओलंच सडू द्यायचं. सडलं का ग्यास निंगते. शेनाचा निंगते, याचाबी निंगन. मी मोठी हाव केली, म्हनून फसली. इंजिनाच्या मांगं लागली अन् चूल इसरली."

"म्हणजे गोबरगॅस? तो तर आधीपासूनच आहे की."

"हाय ना. मी कुठं म्हनते मी शोधला? फक्त शेन कमी पडते तथी शेवाळ घालून पाहाते. गावात आता जनावरं किती राह्यली? शेन आनता कुठून? अन् शेवाळ त हौद भरून हाय." मग हात झटकून म्हणाल्या, "प्राचार्याईले सांगू नका आत्ताच. खिडकी बंदच हाय त्याईची, राहू द्या."

प्राचार्यांना ते दुपारीच कळलं. बंद खिडकीतूनही.

निवृत्तीच्या समारंभात मॅडमना शाल, श्रीफळ आणि एक कुंडीतलं गुलाबाचं झाड मिळालं. झाड त्यांनी तिथेच शिपायाला दिलं. फुलं येणाऱ्या वनस्पतीत त्यांना फारसा रस नव्हता. भाषणात त्या एवढंच म्हणाल्या की या कॉलेजने मला खूप सहन केलं, आणि मीही. आठवड्याभरात सामान बांधून त्या गावी राहायला गेल्या. न बोलणाऱ्या भावाच्या घरी. मी विचारलं, तो घरात घेईल का? त्या म्हणाल्या, "घर बापाचं हाय, त्याचं नाइ. अन् तळं त्यानं माह्याच नावानं खनलं होतं."

त्या तळ्याचं असं झालं होतं की दिगूभाऊंनी ते रागाने बुजवलंही नाही आणि वापरलंही नाही. विहिरीचं खारं पाणी आणि पावसाचं पाणी त्यात साचलं आणि ते आपोआप हिरवं होत गेलं. वावरात जाता-येता भाऊ मान वळवून जायचा.

गेल्या हिवाळ्यात मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्या गावी गेलो. सकाळची वेळ होती, थंडी होती. दारात शोभावहिनी भेटल्या, दिगूभाऊंच्या बायको. ओट्यावर दिगूभाऊ बसले होते. मला पाहून उठले, पाणी दिलं, गोडं पाणी, टँकरचं. मी जपून विचारलं, "बोलता का आता ताईंशी?"

"बोलनार नव्हतो," ते म्हणाले. "पन हा ग्यास वहिनीच्या हाती लागला तुमच्या. म्हंजे माह्या बायकोच्या. आता दोघी मिळून मलेच कामाले लावतात. सकाळी उठून तळ्यातलं शेवाळ काढाले मी, शेन गोळा कराले मी. न बोलून कसं चालन? टोपलं कुठं ठेवलं हे त इचाराच लागते." मग आवाज खाली करून म्हणाले, "थे दुसऱ्या तालुक्यातले लोक मले बजारात भेटले. त्याईच्या वावरात नुसते खड्डे राह्यले." एवढं सांगून ते टोपलं शोधायला उठले.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "ताई, तुमचं शेवाळ आज लय आळशी झालं! ज्योत मरून राह्यली!"

"थंडी हाय म्हनून!" घरामागून उत्तर आलं. मला अजूनही तो आवाज तीन वर्ग पलीकडून ओळखता आला असता. "थंडीत थे तरी काय करन? दम धर, दाब देते!"

मी परसात गेलो. तिथे जमिनीत विटांची गोल टाकी होती आणि तिच्यावर लोखंडाचं मोठं उपडं पिंप तरंगत होतं, आत गॅस धरून ठेवलेलं. पिंपावर दोन-तीन मोठे दगड होते. दगडांनी भागत नव्हतं म्हणून दगडांच्या मधोमध, खाली बारदान्याची घडी घालून, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त विभागप्रमुख डॉक्टर कुमुद गावंडे मांडी घालून बसल्या होत्या. अंगावर शाल, डोक्याला मफलर, नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्र. पिंप किंचित डुलत होतं आणि त्याबरोबर त्याही.

"या सर! बसा म्हनलं असतं, पन हे एकाचंच आसन हाय."

मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती बसल्या जागेवरून वाकून घेतली, उघडून वाचली आणि त्यातल्या मराठीतली एक चूक मला दाखवली. चहा झाला. चहाही वरच घेतला. वजन हललं तर ज्योत हलते, असं त्यांचं म्हणणं होतं. वहिनींच्या हातची गरम ज्वारीची भाकर आणि ठेचा मला खावाच लागला. निघताना मी म्हटलं, मॅडम, लग्नाला नक्की या. त्या म्हणाल्या, येईन, दुपारच्या जेवणाला येईन, सकाळचं इथे कोण बसणार?

जीप वळणावर आली तेव्हा मागे वळून पाहिलं. घराच्या कुंपणावरून त्यांचं डोकं आणि वर्तमानपत्र तेवढं दिसत होतं, हळूहळू खाली-वर होणारं. मी हात केला. उलट हात करायला त्यांनी वर्तमानपत्र उंचावलं, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडत होत्या,

"शोभे, फुगली का वं भाकर?"